सिद्धेश्वर तळ्याकाठचा लहान लॉज: मंडईजवळ उतरावं की स्टेशनजवळ?

उत्तरकसबेकर:

कसब्यातलं घर विकलं, त्यामुळे आता सोलापुरात आमचं म्हणावं असं दार उरलेलं नाही. फेब्रुवारीत आत्येबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. नातेवाइकांची घरं पाहुण्यांनी आधीच भरलीत. आईचं म्हणणं असं की कुणाच्या घरी जाऊन पथारी पसरायची नाही, सरळ लॉज बघ. पण लॉज तळ्याजवळचाच हवा. सकाळी चालत सिद्धेश्वराला जायचं आणि येताना मंडईतून भाजी बघत यायचं, हा तिचा बेत. घ्यायची काही नाही, पण भाव विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पंचकट्ट्याच्या अंगाला एक लहान लॉज सापडलाय. बारा-पंधरा खोल्या असाव्यात. फोटोत खिडकीतून तळं आणि देऊळ दिसतंय. भाडं हजाराच्या आसपास. मी जन्माने सोलापूरकर असलो तरी गावातल्या लॉजवर राहायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे या बाबतीत अगदी परका आहे. त्या बाजूला कुणी राहिलंय का? आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. सोबत बायको आणि दहावीतला मुलगा.

धाग्याच्या नियमाप्रमाणे लॉजचं नाव देत नाही, तुम्हीही देऊ नका.

हुतात्मा_एक्स्प्रेस:

सात रस्ता किंवा स्टेशन परिसर. लिफ्ट, एसी, खाली रेस्टॉरंट. रिक्षाने तळं दहा मिनिटांवर. वयस्कर माणूस सोबत असताना जुन्या गावात शिरूच नका. विषय संपला.

डिस्को_भजी:

काय बे, कसब्यातला माणूस आन् लॉज विचारलालाय! कधी येलालाव ते सांगा, चहा माझ्याकडं. आन् विषय संपला म्हणणाऱ्यानं सात रस्त्यावरनं लग्नाच्या सीझनमधी संध्याकाळी रिक्षा दहा मिनिटांत पंचकट्ट्याला आणून दाखवावी.

मालदांडी:

मी कापडाच्या खरेदीसाठी वर्षातून काही वेळा येतो आणि गेली बरीच वर्षं त्याच भागात उतरतो. आधी स्टेशनजवळ उतरायचो. नंतर लक्षात आलं की माझं सगळं काम चाटी गल्ली, मंगळवार पेठ, मधला मारुती एवढ्यातच असतं आणि झोपायला मात्र मी दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून बदललं.

तिथल्या लहान लॉजचा हिशेब वेगळा असतो. हॉटेल म्हणून बघाल तर निराश व्हाल. रिसेप्शन म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, त्यावर रजिस्टर. वर किल्ल्यांचा बोर्ड. चहा पोऱ्या बाहेरून आणतो. जेवण नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

आता मुद्द्याचं. अशा लॉजला दोन तोंडं असतात, एक तळ्याकडे आणि एक रस्त्याकडे. फोटो कायम तळ्याच्या बाजूचे टाकतात आणि खोली मिळते ती बहुधा रस्त्याच्या बाजूची. फोनवर ‘लेक व्ह्यू आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘खिडकी उघडल्यावर समोर काय दिसतं’ असं विचारा. मला एकदा खरं उत्तर मिळालं होतं: ‘साहेब, वाकून बघितलं तर देऊळ दिसतंय.’

रस्त्याच्या खोलीत पहाटे झोप नाही. लक्ष्मी मंडईचा माल उजाडायच्या आत येतो. हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डातून टेम्पो येतात, मग कोथिंबिरीच्या जुड्या आपटायचे आवाज, कॅरेट ओढायचे आवाज, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांतल्या शिव्या. मला ते आवडतं. तुमच्या मुलाला दहावीचा अभ्यास करायचा असेल तर तो उठेल तरी वेळेवर.

तळ्याच्या खोलीत सकाळ उत्तम. दुपारी मात्र, मी राहायचो त्या खोलीचं तोंड पश्चिमेला होतं, चार वाजता भिंतीला हात लावला की चटका बसायचा. फेब्रुवारीत चालून जाईल. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा त्या खिडकीतून तळं बघायची हौस कुणालाच नसते.

आईंसाठी एकच अट घाला, पहिला मजला. लिफ्ट नसणार हे धरून चाला. जिने जुने, पायऱ्या उंच. पहिल्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली ही तिसऱ्या मजल्यावरच्या तळ्याकडच्या खोलीपेक्षा त्यांच्यासाठी बरी.

जुन्या_मिलची_चिमणी:

या निमित्ताने थोडं तळ्याबद्दल. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवलं अशी परंपरा आहे. ते बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे लिंगायत संत, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची मुद्रा, म्हणजे वचनातली सही. गावाभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापन केली, संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या लिंगांना प्रदक्षिणा घालतात. शेजारचा भुईकोट किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. म्हणजे धागाकर्ते ज्या खिडकीबद्दल विचारतायत त्या खिडकीतून एका नजरेत देऊळ, पाणी आणि तट दिसू शकतात. असं सात रस्त्यावर दिसत नाही.

पुढे गिरण्या आल्या. १८७७ ची जुनी मिल. तिथे माझे वडील साच्यावर होते. भोंगा झाला की अख्खी पेठ

डिस्को_भजी:

काका, लॉज. लॉजबद्दल बोला.

जुन्या_मिलची_चिमणी:

लॉजबद्दलच बोलतोय. त्या भागातले जुने लॉज हे व्यापारी उतरायचे म्हणून निघाले. सूत घेणारे, चादर घेणारे, विजापूर-गुलबर्ग्याकडचे दुकानदार. यात्रेकरू नंतर आले आणि ‘तळ्याचा देखावा’ त्याच्याही नंतर. त्यामुळे बऱ्याच जुन्या इमारतींत चांगल्या खोल्या पेठेच्या बाजूला आणि न्हाणीघर, जिना, अडगळ तळ्याच्या बाजूला. पाण्याकडे पाठ करून बांधलेलं आहे सगळं. मालदांडी म्हणतात ती दोन तोंडं अशी आली. आता बोलू पुढे?

बागलकोटची_सून:

माझं माहेर सोलापूर, सासर तिकडं. लग्नाचा बस्ता बांधायला सासूबाई, जाऊबाई आणि मी अशा तिघी येतो आणि पेठेतच उतरतो. तिघी बायका म्हणून कधी कुणी वेडंवाकडं बोललं नाही. रजिस्टरमध्ये नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार हे लिहून घेतात, प्रत्येकाचं आधार मागतात. झेरॉक्स सोबत ठेवा, नाहीतर तुमचं कार्ड घेऊन पोऱ्या झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि तासभर येत नाही.

मालदांडींनी एक सांगितलं नाही, पुरुषांच्या लक्षात येत नाही बहुतेक. बाथरूम बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, हे गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी तळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. आमच्या सासूबाई एका लॉजवर दोन दिवस कमी पाणी पिऊन राहिल्या, कारण ते. शिवाय कडी आतून नीट लागते का, बादली-मग आहे का, फरशी घसरडी आहे का. फोनवर विचारायला लाज वाटली तर बायकोला विचारायला सांगा.

दुसरं, डास. तळ्याकडची खिडकी हवी असेल तर तिला जाळी हवी. जाळी नसेल तर संध्याकाळी पाच वाजताच खिडकी बंद, मग कसलं तळं आणि कसला वारा?

हुतात्मा_एक्स्प्रेस:

आता मीही अनुभव सांगतो, म्हणजे मी उगाच नाही बोललो हे कळेल. तळ्याकडची खोली म्हणून जास्त पैसे दिले. खिडकीला लोखंडी जाळी, तिच्यापुढे एका नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची पाठ. फ्लेक्सच्या भोकातून तळं दिसत होतं. मॅनेजरला म्हटलं तर म्हणाला, वाढदिवस झालाय, काढतील. चार दिवस राहिलो, काढला नाही. आणि रात्री पाण्याचा वास. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, शेवाळ धरलं की तो वास येतोच. तुम्ही लोक त्याला देखावा म्हणता.

डिस्को_भजी:

फ्लेक्सच्या भोकातनं देवदर्शन. एक नंबर.

पाणकावळा:

वासाबद्दल ते खरं बोलतायत. गावाच्या मधोमध असलेलं, बाहेर वाहून न जाणारं पाणी आहे. निर्माल्य, पाव, पिठाचे गोळे असं माशांना म्हणून टाकलेलं सगळं आतच कुजतं. मार्चनंतर वाढतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मात्र पाणी चांगलं असतं आणि थंडीचे पाहुणे पक्षीही असतात. उजाडताना खिडकीत बसून पाणकावळे पंख वाळवताना बघता येतात. पक्षी हाच मुख्य हेतू असेल तर विजापूर रोडचा कंबर तलाव किंवा तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव गाठा. पण तिथे मंडई नाही आणि तुमच्या आईंना भेंडीचा भाव विचारता येणार नाही.

उत्तरकसबेकर:

सगळ्यांचे आभार. आईला धागा वाचून दाखवला. बागलकोटच्या वहिनींचं सगळ्यात पटलं, फ्लेक्सवाल्या भाऊंची कीव आली असं तिने कळवायला सांगितलंय.

अजून दोन शंका. पाण्याचं काय? घर होतं तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, आम्ही पिंपं भरून ठेवायचो. लॉजवर हाल होतील का? आणि चोवीस तासांचं चेकआउट असतं म्हणतात, ते कसं?

अण्णांचा_लॉज:

आमचा स्वतःचा लहान लॉज आहे, तळ्याजवळ नाही, गावाच्या दुसऱ्या बाजूला. त्यामुळे निःपक्ष बोलू शकतो.

पाणी: लॉजवाला नळावर अवलंबून राहिला तर धंदा बंद करावा लागेल. खाली मोठी टाकी, बोअर, आणि तुटवडा पडला की टँकर. वापरायचं पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं, म्हणजे जड. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. प्यायला जार. तुमचे हाल होणार नाहीत, हाल आमचे होतात. उन्हाळ्यात टँकरचा खर्च एका महिन्यात दोन खोल्यांचं भाडं खातो. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, तो शॉवर सोडून दात घासतो.

गरम पाणी: सोलर असेल तर सकाळी मिळेल, पण वरच्या मजल्यावर आधी येतं, खाली उशिरा. गिझर असेल तर ठरावीक वेळ असते, बहुतेक सहा ते नऊ. लग्नाचा मुहूर्त सकाळचा असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा, पोऱ्या पाच वाजता बादली आणून देतो. त्याला वीस-तीस रुपये द्या, दुसऱ्या दिवशी न सांगता आणेल.

चोवीस तास: ज्या वेळी आलात त्या वेळी दुसऱ्या दिवशी दिवस भरतो. पुण्याहून येणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री दहा-साडेदहाला उतरून खोली घेतली तर पुढचा अख्खा दिवस तुमचा. मोठ्या हॉटेलात बारा वाजता बाहेर. पण ही पद्धत आता कमी होत चाललीय, ऑनलाइन बुकिंगवाल्यांनी बारा-अकरा करून टाकलं. म्हणून ॲपवर भाव बघा आणि बुकिंग लॉजला थेट फोन करून करा. ॲपचं कमिशन वाचलं की आम्ही थोडं कमी करतो. बोलायला लागतं फक्त.

बिलाबद्दलही सांगतो, लोक भांडतात म्हणून. हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून बारा टक्के लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के आहे. पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेला लॉज नोंदणीतच नसू शकतो, मग त्याने बिलात जीएसटी लावायचाच नाही. नंबर न छापता पाच टक्के लावले असतील तर विचारा. विचारलं की काढतात.

मालदांडी:

अण्णा, हे कमिशनचं आम्हाला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो.

अण्णांचा_लॉज:

या. तळं दिसणार नाही, पार्किंग दिसेल.

बागलकोटची_सून:

तारखांचं बघा हो. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं त्यानंतरही बरेच दिवस राहतात. सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याच्या दिवसांत त्या भागात खोली मिळणं म्हणजे नशीब, आणि भाडं विचारू नका. नंदीध्वज विजापूर वेस, पंचकट्टा करतच देवळाकडे येतात, तेव्हा रस्त्याकडची गॅलरी मिळाली तर तळ्याकडची खोली फुकट दिली तरी घेऊ नये. बाराबंदी घातलेली माणसं, सात नंदीध्वज आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र’चा गजर. तुमच्या आईंनी बघितलेलंच असणार.

आणि रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय का ते बघून घ्या. विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, पहाटेपर्यंत गर्दी. झोप जाईल, पण बांगड्या आणि खाणं दोन्ही उत्तम.

हुतात्मा_एक्स्प्रेस:

म्हणजे यात्रेत झोप नाही, रमजानमध्ये झोप नाही, मंडईमुळे पहाटे झोप नाही, उन्हाळ्यात वास, दुपारी चटका. आणि तरी सगळे म्हणतायत तिथेच राहा.

मालदांडी:

हो.

जुन्या_मिलची_चिमणी:

हो. आणि किल्ल्यातली बाग सकाळी बघा.

उत्तरकसबेकर:

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, लग्नानंतरची धावपळ.

शेवटी तोच लॉज घेतला. फोनवर ‘समोर काय दिसतं’ विचारलं तर मॅनेजर गडबडला, मग म्हणाला थांबा, आणि खरंच खोलीत जाऊन व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. पहिल्या मजल्यावर तळ्याकडे एकच खोली होती, तिला कमोड नव्हता. मागच्या बाजूच्या खोलीला होता. मग दोन खोल्या घेतल्या. आई आणि बायको मंडईकडच्या खोलीत, मी आणि मुलगा तळ्याकडे. भाडं दुप्पट झालं, तरी स्टेशनजवळच्या एका एसी खोलीपेक्षा फार जास्त नाही. थेट फोन केल्यामुळे अण्णा म्हणाले तसं थोडं कमीही केलं. बिलात जीएसटी नव्हता, विचारायची वेळ आली नाही.

मुलाला तळ्यात काही रस वाटला नाही. पहिल्या सकाळी पाणकावळे दाखवले, ‘हो दिसले’ म्हणाला आणि पांघरूण ओढलं. आई मात्र पहाटे टेम्पोच्या आवाजाने उठली ती थेट खिडकीतच. देवळात जाऊन येईपर्यंत तिने मंडईतल्या एका मावशींशी कन्नडमध्ये गट्टी केली होती. तिला कन्नड एवढं येतं हे मला माहीत नव्हतं. लहानपणी शेजारी बोलायचे म्हणे. त्या मावशींनी रोज तिला बसायला पोतं टाकून दिलं. लग्नाच्या दिवशी सगळे हॉलवर पोचले आणि नवरीच्या आईची मामी मंडईत वाटाणे सोलत बसलेली, तिला मी रिक्षाने घेऊन गेलो.

उणं काय ते पण लिहितो. जिन्यात दिवा नव्हता, मोबाइलच्या उजेडात चढलो. जड पाण्याने बायकोचे केस खरंच राठ झाले. तळ्याकडच्या खिडकीला जाळी होती पण एका कोपऱ्यात फाटलेली, तिथे वर्तमानपत्र कोंबलं. वास फारसा नव्हता. आजूबाजूला गाडी लावायला जागा अजिबात नाही, आम्ही रेल्वेने गेलो म्हणून सुटलो. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हा लॉज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अंथरुणावर चक्क पॉलिस्टरचं पांघरूण! सोलापुरात, पेठेच्या नाकासमोर. मॅनेजरला म्हटलं, अहो इथे तरी सोलापुरी चादर द्या. म्हणाला, ‘देत होतो की साहेब, गिऱ्हाईक बॅगेत घालून नेतंय.’

मालदांडी:

हा हा. बरोबर आहे त्याचं. चादर घेतली का मग? आणि दोन्ही बाजू बघून घेतली ना? खऱ्या सोलापुरी जेकार्डला नक्षी दोन्ही अंगांनी उठते, रंग उलटे होतात. एका बाजूला नुसती छापलेली असेल तर ती सोलापूरची नव्हे. २००५ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आपल्या चादरीला, तरी बाहेरचा माल याच नावाने खपतो.

उत्तरकसबेकर:

चार घेतल्या. आईने उलटसुलट करून दुकानदाराला घाम फोडला.

हुतात्मा_एक्स्प्रेस:

जिन्यात दिवा नाही, जाळी फाटकी, पार्किंग नाही. मी काय म्हणत होतो?

उत्तरकसबेकर:

भाऊ, तुमचं सगळं खरं निघालं. आषाढीच्या आधी पुन्हा जायचंय, पंढरपूरला जाता जाता. आईने त्याच दोन खोल्या सांगून ठेवल्यात. अण्णा, एक विचारायचं राहिलं: सकाळी खोली सोडली आणि गाडी रात्रीची असेल तर लहान लॉजवर सामान ठेवून घेतात का?

अण्णांचा_लॉज:

घेतात. टेबलामागे ठेवतात, पैसे नाहीत. फक्त कुलूप लावा आणि चटणी-भाकरीची पिशवी वेगळी उचला. शेंगाचटणीचं तेल सुटतं आणि बाकीच्यांच्या बॅगा खराब होतात, भांडणं आमच्याकडे येतात.

डिस्को_भजी:

कडक भाकरी खाली आन् बॅग वर ठेवू नका बे, चुरा हुतोय.